बक्षीस नंतर, तालमीची जागा आधी

तरुणांच्या नाट्यसंस्थांनी स्वतःच्या पायावर उभे राहावे, असा उपदेश वारंवार केला जातो. हा उपदेश अर्थशास्त्राला धरून नाही. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ सालीच दाखवून दिले की, यंत्रामुळे कारखान्यातील उत्पादकता वाढते, रंगभूमीवरील वाढत नाही. पाच पात्रांच्या नाटकाला आजही पाचच नट लागतात आणि तालमीचे तासही घटत नाहीत. इतरत्र वेतन वाढते तसतसा नाटकाचा खर्च वाढतो. तिकीटविक्री मागे पडते. ही तूट गैरकारभाराची नव्हे, या कलेच्या स्वरूपाचीच आहे.

हौशी संस्थेत वेतन नसते. तेव्हा ही तूट मुले आपल्या वेळातून आणि खिशातून भरतात. ज्याला घरचा आधार आहे तो टिकतो. संध्याकाळी दुकानात काम करणारी मुलगी तालमीतून गळते. अशा रीतीने रंगभूमीवर वर्गीय चाळणी लागते आणि तिलाच पुढे ‘गुणवत्ता’ म्हटले जाते.

१९५४ पासूनची राज्य नाट्यस्पर्धा आणि १९६३ पासूनचा पुरुषोत्तम करंडक यांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु बक्षीस प्रयोगानंतर मिळते, तेही विजेत्याला. गरज असते ती प्रयोगाआधी आणि सर्वांना. २०१८ साली पाचशे रुपयांपर्यंतच्या नाट्यतिकिटांना मिळालेली जीएसटीची सूटही तिकीट विकल्यावरच उपयोगी पडते.

म्हणून मागणी साधी आहे. नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांतील रिकामे वर्ग संध्याकाळी तालमींना विनाभाडे मिळावेत आणि तीन वर्षांसाठी छोटे, निश्चित अनुदान असावे. सरकारी पैशाबरोबर सरकारी अंकुश येईल, ही शंका रास्त आहे. यासाठी अनुदान तालमींच्या दिवसांवर ठरावे, संहितेच्या आशयावर नव्हे. आणि त्याच्या जोडीला सहानुभूतिदारांची नियमित वर्गणी असावी.

यात पक्षकार्यकर्त्यांचीही जबाबदारी आहे. १९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून निळू फुले, राम नगरकर यांच्यासारखे नट घडले, ते नियमित चालणाऱ्या कामातून. आज मात्र निवडणूक आली की पथनाट्य आठवते आणि मतमोजणी संपली की त्या मुलांचा विसर पडतो. सांस्कृतिक आघाडीचे ठराव पुष्कळ झाले. आता प्रत्येक तालुका शाखेने निदान एका शाळेच्या वर्गाची किल्ली मिळवून दाखवावी.