रंध्याची धार

विश्रामबागेत फर्निचर म्हणजे हल्ली प्लाय, सनमायका आणि किंचाळणारं मशीन. मी मात्र एका म्हाताऱ्या सुतारकाकांकडून लाकडी रंधा आणलाय, बॉस! शिसवीचा ठोकळा, पोलादी पातं, पाचर. बस्स. पात्याच्या डोक्यावर ठोका दिला की ते पुढे, ठोकळ्याच्या शेपटीवर दिला की मागे. स्क्रू नाही, मॅन्युअल नाही.

सगळा खेळ धारेचा. पातं दगडावर घासून पाठ आरशासारखी सपाट करायची. लाकडाची रेषा ओळखून चालवलं तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी साल निघते आणि खाली जी झळाळी येते, ती पॉलिश पेपरच्या बापाला जमत नाही! रेषेच्या उलट गेलात तर ढलप्याच उपटतात.

शेजारच्या मिरजेतल्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं. ही वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींची मागणी आटली, तसे ते हात लाकडाकडे वळले.

काकांचा मुलगा पुण्यात मॉड्युलर किचन बसवतो. रंध्याचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. दर रविवारी फोन तेवढा येतो, “पात्याला गंज नाही ना धरला?”