थांब्यावरचा वेळ कोणाच्या खात्यात?

पहिल्या तासाला उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यांना दारातच अडविण्याची शिस्त प्रस्तुत लेखकाने काही वर्षे कसोशीने पाळली. पुढे ध्यानात आले की, उशिरा येणारे बहुधा तेच असतात आणि ते बहुधा ठरावीक दिशांनीच येतात : अक्कलकोट रस्ता, होटगी रस्ता, हद्दवाढीतील वसाहती. आळसाला दिशा नसते. वाहनांच्या टंचाईला मात्र असते. तेव्हापासून हजेरीपट उघडताना एक प्रश्न मनात येतो. थांब्यावर खर्ची पडलेला हा वेळ कोणाच्या खात्यावर मांडायचा?

सोलापूर हे एके काळी पायी चालणाऱ्यांचे शहर होते. १८७७ च्या सुमारास जुनी गिरणी सुरू झाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या आणि त्यांच्या आसपास कामगारांच्या चाळी वसल्या. भोंगा झाला की कामगार घराबाहेर पडे आणि थोड्याच वेळात कामावर हजर होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठ्या गिरण्यांची धडधड थांबली आणि १९९२ च्या हद्दवाढीने शहर चहूकडे पसरले. आज महापालिकेचे क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेतच लोकसंख्या साडेनऊ लाखांवर गेली होती. एवढ्या विस्ताराच्या शहरात बस ही चैन नव्हे. पाणी आणि दिवाबत्ती यांच्याच पंक्तीत तिला बसविले पाहिजे.

याचे ठळक उदाहरण कुंभारीचे. तेथे विडी कामगार स्त्रियांसाठी कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. त्याच परिसरात रे नगरच्या तीस हजार घरांच्या प्रकल्पातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या स्वाधीन झाली. कष्टकऱ्यांना स्वतःचे छप्पर मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु जमीन शहराबाहेर स्वस्त मिळते म्हणून घर स्वस्त होते, आणि वाचलेल्या त्या पैशाचा काही भाग रहिवाशाला रोज प्रवासात भरावा लागतो. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांवर ठरते. वळलेल्या विड्या देण्यासाठी आणि पाने-तंबाखू आणण्यासाठी जाताना वाहनाची वाट पाहण्यात गेलेला अर्धा तास म्हणजे तेवढ्या न वळलेल्या विड्या होत. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो तिच्या पदरात टाकलेला असतो.

शहर बससेवा तोट्यात चालते, हा आक्षेप खोटा नाही. पगार, इंधन आणि सुटे भाग यांचा भार तिकिटांतून भागत नाही. परंतु तोटा कमी करण्यासाठी फेऱ्या कमी करण्याचा उपाय रोगापेक्षा भयंकर ठरतो. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या गाडीसाठी सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. फेऱ्या निम्म्या केल्या की दहा. हर्बर्ट मोहरिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये हेच तत्त्व शास्त्रशुद्ध मांडले : फेऱ्या वाढल्या की प्रत्येक प्रवाशाचा वेळ वाचतो, आणि या लाभाची नोंद तिकिटाच्या हिशेबात होत नाही. उलट फेऱ्या घटल्या की प्रवासी सहा आसनी रिक्षाकडे वळतो, ऐपत असेल तर कर्ज काढून दुचाकी घेतो. उत्पन्न आणखी घटते आणि आणखी फेऱ्या बंद होतात. मागे उरतात ते विद्यार्थी, वृद्ध आणि मजूर स्त्रिया.

केवळ नव्या गाड्या आणून हे दुष्टचक्र तुटत नाही, हा धडा सोलापूरने मागील दशकातच घेतला आहे. केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून आलेल्या अनेक गाड्यांच्या सांगाड्यांना तडे गेले आणि त्या रस्त्यावरून उतरल्या. २०२३ मध्ये केंद्राने जाहीर केलेल्या दहा हजार विद्युत बसगाड्यांच्या योजनेत आपल्या शहराचाही समावेश आहे. तिच्यात गाड्या चालविण्यासाठी दहा वर्षे साहाय्याची तरतूद आहे. तथापि अकराव्या वर्षी काय, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या गोष्टींची गरज नाही. वीस मार्गांवर लहरीप्रमाणे गाड्या सोडण्यापेक्षा चार-पाच मार्गांवर ठरलेल्या अंतराने, पाळी सुटण्याच्या आणि महाविद्यालय भरण्याच्या वेळा सांभाळून फेऱ्या व्हाव्यात. वेळापत्रक थांब्यावर लावावे आणि ते पाळावे. रिक्षांना शत्रू न मानता आतल्या वस्त्यांतून मुख्य मार्गापर्यंत प्रवासी आणण्याचे काम त्यांच्याकडे सोपवावे. कुंभारीसारख्या हद्दीबाहेरच्या मार्गावर येणारी तूट महापालिका, राज्य शासन आणि गृहप्रकल्प राबविणाऱ्या यंत्रणा यांनी आधीच ठरवून वाटून घ्यावी. घर मंजूर करतानाच बसचाही खर्च मंजूर व्हावा; कामावर पोहोचता येत नसेल तर ते घर अर्धेच बांधले म्हणावे लागेल.

तूट ही कोणाला तरी सोसावी लागतेच. ती महापालिकेच्या ताळेबंदात मांडली तर निदान तिच्यावर चर्चा होते, मते पडतात, जाब विचारता येतो. ती थांब्यावर उभ्या असलेल्या बाईच्या मजुरीतून आणि विद्यार्थ्याच्या हजेरीतून परस्पर वळती झाली, तर तिचा हिशेब कोणीच मागत नाही. प्रस्तुत लेखकाने वर्गाचे दार आता उघडे ठेवले आहे. पण बुडालेला तास त्यामुळे परत मिळत नाही.