सही करण्याआधी



या आठवड्याच्या टपालात मुलुंडच्या एका भगिनीचं आठ पानी पत्र आलं. यजमान रसायनतज्ज्ञ. कारखान्यातली पंचवीस वर्षांची नोकरी संपवून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आता मनानं घेतलंय की व्हिस्कीची छोटी डिस्टिलरी काढायची, तीही नवराबायकोनं मिळून! थोडे पैसे फंडाचे, बाकीचं कर्ज राहत्या जागेवर. जागा दोघांच्या नावावर. सासूबाईंनी तर ऐकल्यापासून अबोला धरलाय. आणि ताई विचारतात, "मी सही करू की नको?"

ताई, आधी मनाचं विचारते. दारूपायी उठलेले संसार आपण सगळ्यांनीच जवळून पाहिलेत. हा धंदा तुमच्या मनाला पटत नसेल, तर ते आजच स्पष्ट बोला. आज गप्प राहायचं आणि तोटा आला की "मी म्हणतच होते" म्हणायचं, हे संसारातही बरं नाही आणि धंद्यात तर मुळीच नाही.

पटत असेल, तर पुढचं ऐका. पापड-मसाल्यासारखा हा घरगुती उद्योग नव्हे. आपल्या राज्यात १९४९ सालचा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा. "घरी थोडी करून तर बघू" असं यजमान म्हणाले, तर तिथल्या तिथे नको म्हणा. मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये मिथेनॉलची विषारी दारू पिऊन शंभरावर माणसं दगावली, ते आपण उपनगरवासी विसरलेलो नाही. तेव्हा जागा, परवाना आणि जाणता माणूस, हे सगळं आधी. पैसा त्यानंतर.

आता खरी मेख. व्हिस्की करायची कशी, ते आपल्याला चटकन समजेल. नाचणीला मोड आणतो तसे जवाला मोड आणायचे, वाळवून भरडायचं, गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचं. ते यीस्ट घालून आंबवायचं आणि तांब्याच्या भांड्यात दोनदा गाळायचं. इथवर काही दिवसांचं काम. पण हाती येतं ते पाण्यासारखं पांढरं. त्याला रंग आणि स्वाद येतो ओकच्या लाकडी पिंपात, नुसतं पडून राहून! स्कॉटलंडच्या कायद्यानं किमान तीन वर्षं. आपल्या उकाड्यात ती लवकर मुरते खरी, पण उडूनही तितकीच जाते. तिकडे वर्षाला साधारण दोन टक्के उडते, गोव्यासारख्या दमट हवेत त्याच्या कितीतरी पट. म्हणजे माल पिंपात, पैसा पिंपात, आणि बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात!

मग तोवर घर चालायचं कशावर? ताई, यजमानांना पहिला प्रश्न हाच विचारा.

यावरून जपानच्या एका जोडप्याची हकीकत सांगते. मासाताका ताकेत्सुरू हा तरुण १९१८ साली व्हिस्कीची विद्या शिकायला स्कॉटलंडला गेला. तिथल्या एका डॉक्टरांच्या रीटा नावाच्या मुलीशी त्यानं १९२० मध्ये लग्न केलं, दोन्ही घरच्यांची मर्जी नसताना. दोघं जपानला आली. आधी त्यानं दुसऱ्याच्या पदरी राहून व्हिस्कीचा कारखाना उभा करून दिला. मग १९३४ साली उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर, योइची गावी, स्वतःचा काढला. पण कंपनीचं नाव काय ठेवलं? फळांच्या रसाची कंपनी! गाव सफरचंदांचं. व्हिस्की मुरेपर्यंत सफरचंदाचा रस विकायचा, हा बेत. आधी पोटोबा मग विठोबा, ते असं. त्यांची पहिली व्हिस्की बाजारात आली १९४० साली.

आणि रीटा? ती पियानोच्या आणि इंग्रजीच्या शिकवण्या घेत असे. त्या पैशांचा संसाराला हातभार होताच, पण शिकवण्यांतून झालेल्या ओळखींमधूनच नवऱ्याच्या धंद्याला भांडवल देणारी माणसं मिळाली. ताई, तुम्ही पत्राच्या सातव्या पानावर ओझरतं लिहिलंय की संध्याकाळी तुम्ही गणिताच्या शिकवण्या घेता. त्या बंद करू नका, आणि धंद्याच्या हिशेबात ती रक्कम "घरखर्च, पत्नीकडून" अशी स्वच्छ लिहायला लावा. जे लिहिलं जात नाही, त्याला कुणी भांडवल म्हणत नाही.

जवळचंही उदाहरण आहे. 'स्ट्रेंजर अँड सन्स' ही गोव्यात तयार होणारी जिन २०१८ साली बाजारात आणणाऱ्या तिघांमध्ये साक्षी सैगल आणि राहुल मेहरा हे पतिपत्नी. राहुल यांना बिअरच्या धंद्याचा आधीचा अनुभव होता, आणि त्यांनी निवडली जिन. जिनला मुरत ठेवावं लागत नाही. तयार मद्यार्कात जुनिपरची फळं, मिरी, जायफळ, जायपत्री, लिंबाची साल असा मसाला घालून पुन्हा गाळायचं, की झालं. परवाना आणि खर्च तिथेही चुकत नाही, पण पैसा वर्षानुवर्षं अडकत नाही. तुमच्या यजमानांनीही आधी लवकर विकला जाईल असा काही माल काढावा आणि दोनचार पिंपं व्हिस्की बाजूला मुरत ठेवावी.

आता सहीचं. सही दोन तऱ्हेची असते, बरं का. साध्या भागीदारीत सही केलीत, तर पेढीच्या सगळ्या कर्जाला तुम्ही स्वतः बांधील, कर्ज कुणीही काढलेलं असो. जामीन राहिलात, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तुमची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी त्यांच्याकडे जाईल असं समजू नका, सरळ तुमच्याकडेही येऊ शकते. मर्यादित जबाबदारीची भागीदारी किंवा कंपनी काढली, तर आपलं नुकसान आपण घातलेल्या भांडवलापुरतं राहतं. पण तिथेही बँक पुष्कळदा वैयक्तिक हमी मागते. ती सही करताना हात आखडा. आणि स्त्रीधन कायद्यानं सर्वस्वी तुमचं. दागिन्यांना "तेवढे ठेवू गहाण" म्हणून कुणी हात घालू नये.

तेव्हा माझं उत्तर: भागीदार जरूर व्हा. कागदावर नाव, नफ्यात ठरलेला हिस्सा आणि हिशेबाची वही तुमच्या हाती, हे आधी मागून घ्या. पण राहत्या जागेच्या गहाणखतावर सही करू नका. फंडाचे पैसे गेले तर दोघं मिळून पुन्हा उभी राहाल, पण त्यासाठी डोक्यावर छप्पर हवं. कागद करण्याआधी एखाद्या सनदी लेखापालाला आणि वकिलाला दाखवा. त्यांची फी जड वाटेल, पण ती द्याच.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांना धंदा पटवायला जाऊ नका, पटणार नाही. "जागेवर कर्ज काढत नाही" एवढंच सांगा. अबोला कदाचित तिथेच सुटेल. त्यांची भीती बाटलीची असेलही, पण घराची भीती त्याहून मोठी असणार. आणि ती तुमचीही आहे, नाही तर आठ पानं कशाला लिहिली असतीत?

पुढे काय ठरलं ते जरूर कळवा.