मुद्दाम हरणाऱ्याचं बिल कोण भरतं?

2012, लंडन ऑलिम्पिक, महिला दुहेरी बॅडमिंटन. चीनची वांग शाओली-यू यांग जोडी सर्व्हिस सरळ नेटमध्ये मारत होती, समोरच्या कोरियन मुलीही तेच! गटात पहिलं येणं दोघांनाही नको होतं. चीनला तर फायनलआधी आपलीच दुसरी जोडी टाळायची होती. तिकीट काढून आलेल्यांनी हुर्यो उडवली. शेवटी अशा चार जोड्या बाद झाल्या.

मित्र म्हणतात, ‘ही तर स्ट्रॅटेजी.’ मला पटत नाही. मुख्य खेळाडूला उघडपणे विश्रांती द्या, सगळ्यांना दिसतं. इथे खेळण्याचं सोंग होतं. स्पर्धेची रचना वेडगळ होती, कबूल. महासंघाने नंतर गटातल्या दुसऱ्या क्रमांकांसाठी सोडत आणली.

त्याच स्पर्धेत ज्वाला गुट्टा-अश्विनी पोनप्पा गुणफरकाने बाहेर गेल्या. जपानच्या पराभवावर भारताने शंका घेतली, तक्रार फेटाळली गेली. जपान कदाचित प्रामाणिकपणेच हरला असेल. पण मुद्दाम हरणं चालतं म्हटलं, की खरं हरणाऱ्यावरही संशय येतो.

आपल्या टेनिस-बॉल टूर्नामेंटमध्येही सोप्या टीमसाठी मॅच ‘सोडतात’. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या तिसऱ्या टीमनेही एन्ट्री फी भरलेली असते.