पाळण्याआधी कागद



हरभरा फुलात आहे, ज्वारी पोटरीत आहे, गव्हाच्या पाण्याच्या पाळ्या चालू आहेत. या दिवसांत या पानावर घाटेअळीविषयी लिहायचे असते. ते पुढच्या आठवड्यात लिहितो. आज बांधावरून जरा उंबऱ्याकडे येऊ.

नाताळच्या सुट्टीत लेकी माहेरी येतात, पै-पाहुणे येतात, घर लेकरांनी भरते. ज्या घरात पाळणा हललेला नाही, तिथे याच दिवसांत कोणीतरी हळूच विषय काढतो, "एक बाळ आहे. घेता का?" असा निरोप अचानक दारात आला तर काय करावे आणि काय करू नये, हे आधीच ठाऊक असलेले बरे. त्या घडीला डोके चालत नाही, नुसते काळीज चालते.

माझ्या ओळखीचे एक जोडपे आहे. गाव आणि नाव सांगत नाही. चार एकर बागायत, लग्नाला बारा वर्षे झालेली. दवाखाने झाले, नवस झाले. २०१९ च्या डिसेंबरात गावच्या शिवारात ऊसतोडीची टोळी उतरली होती. त्या टोळीतल्या एका बाईला चौथी मुलगी झाली. मधल्या एका माणसाने यांना निरोप दिला, "पोर दोन दिवसांची आहे. आज रात्रीच घेऊन जा. दवाखान्यातून जन्माचा दाखला तुमच्याच नावाने काढून देतो. वरखर्चाचे तेवढे बघा." घरधनिणीने पेटीतली दुपटी काढून उन्हात घातली. धन्याने मात्र मला फोन केला. ठिबकच्या अनुदानाचे कागद मी करून दिले होते, आणि कागदाचे काम निघाले की गावाला कृषी खात्याचा माणूस आठवतो.

मी एकच विचारले, "त्या आईशी तुमचे बोलणे झाले का?" झाले नव्हते. तिच्या मनात काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. मग मी त्यांना १०९८ हा नंबर दिला. बाळ-बाळंतीण सरकारी दवाखान्यात गेली, प्रकरण जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे गेले. तिथे त्या बाईला पहिल्यांदा कोणीतरी शांतपणे विचारले. संक्रांतीच्या आधी तिची आई आली आणि नातीला घेऊन गेली. दुपटी पुन्हा पेटीत गेली. त्या वर्षी त्या घरात तिळगूळ झाला नाही.

पण त्या दोघांनी हाय खाल्ली नाही. त्यांनी रीतसर दत्तकासाठी नाव नोंदवले आणि वाट पाहिली. चार वर्षांनी, २०२३ च्या नाताळच्या सुट्टीतच, मोबाइलवर निरोप आला. दुसऱ्या जिल्ह्यातल्या शिशुगृहात पाच महिन्यांची मुलगी होती. होकार कळवायला अठ्ठेचाळीस तास होते. बँका बंद, कचेऱ्या बंद. पण यांचे कागद आधीच तयार होते. त्याच संध्याकाळी होकार गेला. आज ती मुलगी कोंबड्यांच्या मागे अंगणभर पळते.

आता कायदा सांगतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे आईने मूल सोडायचे ठरवले तर ते बालकल्याण समितीपुढे सोडावे लागते, आणि तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. कोणी टाकून दिलेले तान्हे मूल असेल तर समिती त्याच्या आईबापांचा शोध घेते. या गोष्टी पार पडल्यावरच ते मूल दत्तकासाठी मोकळे होते. म्हणजे सरकारमान्य संस्थेतून दोन दिवसांचे बाळ दत्तक मिळूच शकत नाही. दोन दिवसांचे बाळ परस्पर पैशांवर द्यायला जो येतो, तो दत्तक देत नसतो, विकत असतो. मूल विकणे आणि विकत घेणे या दोन्हीला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. दवाखान्यातला माणूस त्यात असेल तर त्याला तीन ते सात वर्षे.

शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट मुलाच्या हक्काची आहे. समजा, खोट्या दाखल्यावर मूल घरी आणले. वीस वर्षे कोणी काही बोलले नाही. मग धनी गेला आणि वारस नोंदीची वेळ आली. तेव्हा चुलत भाऊ पुढे येतो आणि म्हणतो, "हे यांचे मूलच नव्हे." सातबाऱ्यावरचा फेरफार अडतो, कोर्टकचेरी लागते, आणि ज्याने त्या रानात घाम गाळला त्या पोराला सिद्ध करता येत नाही की मी या घरचा आहे. बियाण्याची पिशवी घेताना पावती आणि लेबल जपून ठेवा, असे मी तीस वर्षे सांगत आलो आहे. तिथे एका हंगामाचा प्रश्न असतो. इथे जन्माचा आहे. दत्तकाचा रीतसर आदेश असला की मूल सर्व बाबतीत तुमचे होते आणि जन्माचा दाखलाही तुमच्या नावाने मिळतो. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश जिल्हाधिकारी देतात.

नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संकेतस्थळावर होते. स्वतःला जमत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतो, तिथे जाऊन विचारा. लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांखालचे मूल हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयांची बेरीज पंच्याऐंशीच्या आत पाहिजे. एकटी बाईही दत्तक घेऊ शकते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी तिचे वय चाळीसच्या आत लागते. एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. नोंदणीनंतर समाजसेविका घर पाहायला येते. तिला तुमचा बंगला पाहायचा नसतो, माणसे पाहायची असतात. तान्ह्या, धडधाकट मुलासाठी तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त थांबावे लागते. आंब्याची कलमे लावून चार-पाच वर्षे थांबणाऱ्याला हे सांगायला नको. शुल्क नियमाने ठरलेले असते. ते संस्थेत भरून पावती घ्या. मधल्या माणसाच्या हातात रुपयाही देऊ नका.

भावाचे किंवा बहिणीचे मूल मांडीवर घ्यायचे असेल तर वाट वेगळी आहे. हिंदू, बौद्ध, जैन, शीख घरांसाठी १९५६ चा दत्तक कायदा आहे. त्यात खऱ्या आईबापांनी मूल प्रत्यक्ष देणे आणि तुम्ही ते घेणे महत्त्वाचे असते. दोन्हीकडे नवरा-बायकोची संमती लागते. मूल पंधरा वर्षांच्या आतले असावे. घरात स्वतःचा मुलगा असताना मुलगा आणि मुलगी असताना मुलगी या कायद्याने दत्तक घेता येत नाही. पैशांची देवघेव इथेही गुन्हाच आहे. नुसत्या स्टँपपेपरवर भागवू नका. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. उद्या वाद निघाला तर न्यायालय नोंदलेले पत्र खरे धरून चालते.

नाताळ हा ज्यांच्या घरचा सण, त्या ख्रिस्ती कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी ख्रिस्ती, मुसलमान आणि पारशी जोडप्यांना १८९० च्या कायद्याखाली फक्त पालक होता येत असे, आईबाप होता येत नसे. २००० चा बाल न्याय कायदा आणि त्यातली २००६ ची दुरुस्ती यांनी ही अडचण दूर केली. आज 'कारा'ची वाट सर्व धर्मांना सारखीच मोकळी आहे.

बांधावर, देवळाच्या पायरीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीजवळ बेवारस बाळ सापडले तर काय? डिसेंबरची थंडी तान्ह्याला झेपत नाही. कोरड्या कपड्यात गुंडाळून, डोके झाकून, छातीशी धरा. मध, गूळपाणी, गाईचे दूध काही पाजू नका. लगेच १०९८ किंवा ११२ ला फोन करा आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. चोवीस तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. सुट्टी आहे, सोमवारी बघू, असे म्हणू नका. बाळाला सुट्टी नसते. तुम्हीच सांभाळायची इच्छा असली तरी आधी कळवा आणि मग स्वतःची नोंदणी करा.

बाळ घरी आल्यावरची एक गोष्ट सांगून थांबतो. दत्तक मुलापासून ते लपवू नका. गावात काही लपत नाही. शाळेत जायला लागले की कोणीतरी त्याला सांगणारच. ते परक्याच्या तोंडून कळण्याआधी आईच्या तोंडून कळावे. चार-पाच वर्षांचे असतानाच, अंथरुणात गोष्ट सांगतो तसे सांगावे, की तुला आणायला आम्ही थंडीत कुठवर गेलो, कोणत्या गाडीने गेलो, आजीने दारात भाकरतुकडा कसा ओवाळला. आदेशाचा कागद सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा आणि मूल मोठे झाले की त्याच्या हातात द्या. तो कागद त्याचाच आहे.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळी आणि कामगंध सापळे.