आधी गाठ चिरा, मग पोते फोडा

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने, म्हणजे क्विंटलमागे जवळपास साडेसहा किलो नत्र. हेक्टरी २० क्विंटल उतारा धरला तर सव्वाशे किलो नत्र नुसत्या दाण्यांतून बाजारात जाते. पेरणीसोबत आपण देतो ३० किलो. उरलेले काही जमीन पुरवते, पण मोठा वाटा मुळांवरच्या गाठींतले ब्रॅडीरायझोबियम जिवाणू हवेतून उचलतात. तरीही पीक जरा फिकट दिसले की आपला हात आधी युरियाच्या पोत्याकडे जातो.

गाठीतले जिवाणू हवेतले नत्र बांधतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विल्फार्थ यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने ते वेगळे काढले. शोध जुना आहे, सवय मात्र लागलेली नाही.

नत्र बांधणारे नायट्रोजिनेज हे विकर प्राणवायूने निकामी होते. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य असते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूंना बेताने देते. यामुळेच चालू गाठ आतून गुलाबी असते. पांढरी किंवा हिरवट गाठ काम करत नाही. माती परीक्षणाच्या अहवालाची वाट न पाहता बांधावर, नखाने करता येईल अशी याहून स्वस्त तपासणी नाही. झाड मात्र उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढून पाण्यात धुवा.

गाठी नीट कामाला लागायला तीन-चार आठवडे जातात. त्याआधीचा थोडा फिकटपणा स्वाभाविक आहे. भारी काळ्या जमिनीत त्याच सुमारास पाणी साचते, मुळे गुदमरतात. चुनखडीच्या रानात लोहाची कमतरताही पाने पिवळी करते. दोन्हींवर युरिया हे औषध नव्हे. आयते नत्र मिळाले की झाड गाठींना साखर पुरवणे आवरते घेते. शिवाय युरियाचे आधी अमोनियम होते, मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर त्याचे नायट्रेट करतात, आणि चिबडलेल्या रानात दुसरेच जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू वापरून नत्र वायुरूपात हवेत सोडतात. २०१५ पासून सक्तीच्या झालेल्या निंबोळी लेपाने यातली अमोनियमपुढची पायरी मंदावते, थांबत नाही.

आता कृषी सेवा केंद्रचालकांशी थोडे रोखठोक. जिवाणू संवर्धनाची पाकिटे पत्र्याच्या गोदामात, उन्हाच्या तोंडावर रचलेली दिसतात. त्यात जिवंत माल आहे. मुदत उलटलेले पाकीट ‘असू द्या, चालतंय’ म्हणून गळ्यात मारू नका, आणि हरभऱ्याचे सोयाबीनला देऊ नका. दोघांचे जिवाणू वेगळे. बीजप्रक्रियेचा क्रमही ग्राहकाला तोंडी सांगा: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम. सगळे एकाच घमेल्यात कालवले की जिवाणू तिथेच संपतात. बियाणे सावलीत सुकवून लगेच पेरावे.

फुलोऱ्याच्या तोंडावर शेतात चार-पाच ठिकाणची झाडे काढून पाहा. गाठी गुलाबी असतील तर युरियाचे पैसे खिशात ठेवा. गाठीच नसतील तर वापसा आल्यावर थोडे नत्र देऊन हंगाम सावरा, आणि बीजप्रक्रिया कुठे फसली ते वहीत लिहून ठेवा. पाकीट कोणते, मुदत कोणती, बुरशीनाशक कोणते, एवढ्या नोंदी पुढच्या जूनला पुरतात.