गुन्हा एकाचा, शिक्षा अख्ख्या समाजाला

२५ डिसेंबरला आपण मनुस्मृती दहन दिन पाळतो आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना देतो. या दोहोंच्या मध्ये २८ डिसेंबर येतो. त्या दिवशी रशियातील काल्मिक बौद्ध आपल्या मृतांचे स्मरण करतात. अण्णाभाऊ साठे यांच्या 'माझा रशियाचा प्रवास'मुळे मराठी वाचकाला रशिया ठाऊक झाला; पण तेथील हे धम्मबांधव आपल्याला अपरिचितच राहिले.

काल्मिक मूळचे मध्य आशियातील. सतराव्या शतकात ते कास्पियन समुद्राच्या वायव्येस येऊन स्थायिक झाले. युरोपच्या भूमीवर परंपरेने बौद्ध असलेला हा एकमेव समाज. १९३० च्या दशकात सोव्हिएत सत्तेने त्यांचे विहार बंद पाडले, भिक्खूंना तुरुंगात टाकले. १९४२ मध्ये जर्मन फौजा त्यांच्या प्रदेशात घुसल्या. काही काल्मिक जर्मनांना मिळाले हे खरे. पण हजारो काल्मिक लाल सेनेतून लढत होते, हेही तितकेच खरे. तरीही २७ डिसेंबर १९४३ रोजी एका फर्मानाने त्यांचे स्वायत्त प्रजासत्ताक बरखास्त झाले. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून म्हातारेकोतारे, बायाबापड्या, तान्ही मुले अशी सुमारे ९३ हजार माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियाकडे रवाना केली गेली. थंडीने, उपासमारीने, रोगराईने हजारो दगावली. आघाडीवरचे काल्मिक सैनिकही पुढे परत बोलावून श्रमछावणीत धाडण्यात आले.

कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्ही विचारतो, या लोकांवर खटला कोठे चालला? १९३६ च्या सोव्हिएत राज्यघटनेत वंश वा राष्ट्रीयत्वाचा भेद न करता समान हक्कांची हमी होती. ती कागदावरच राहिली. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हेच केले. तो कलंक कायद्याच्या पुस्तकातून पुसायला १९५२ साल उजाडावे लागले. काय केले हे न विचारता कोणाच्या पोटी जन्मला हे विचारणारा कायदा मनूचा असो, इंग्रजांचा असो वा स्टॅलिनचा, तो अन्यायच.

२० नोव्हेंबर १९५६ रोजी काठमांडूत बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. दुःखमुक्तीचे ध्येय मान्य, पण बळजबरी आणि हुकूमशाहीचा मार्ग अमान्य, असा त्यांचा निर्वाळा होता. त्या दिवशीही काल्मिकांना मायभूमीत परतण्याची मुभा नव्हती! ती १९५७ मध्ये मिळाली. हे स्थलांतर बेकायदेशीर व गुन्हेगारी स्वरूपाचे होते, ही कबुली सोव्हिएत संसदेने १९८९ मध्ये दिली. २००५ मध्ये एलिस्टा या त्यांच्या राजधानीत भव्य बुद्धविहार उभा राहिला.

आमच्या डाव्या मित्रांनी या इतिहासाकडे डोळेझाक करू नये. आणि आपणही केवळ हळहळून थांबू नये. आजही कोठे चोरी झाली की पहिला संशय पारध्यांच्या पालावर जातो. एकाच्या गुन्ह्यापायी अख्ख्या वस्तीला वेठीस धरण्याची भाषा जेव्हा जेव्हा निघेल, तेव्हा ती वस्ती आपली असो वा परक्याची, संविधान हाती घेऊन आपण तिच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. २८ डिसेंबरचे खरे स्मरण तेच ठरेल.